‘येतों’ म्हणावयास शिकवितांना

मराठी घरांतून बाहेर पडणारा मनुष्य सहसा ‘जातों’ म्हणत नाहीं; ‘येतों’ म्हणतो. उंबऱ्यापाशीं एखादा नातू चुकून ‘आजी, मी जातों’ असें म्हणाला, कीं आजी तत्काळ सांगते, ‘जातों नाहीं रे म्हणूं, येतों म्हणावें.’ नारळ फोडावयाचा नसतो, ‘वाढवावयाचा’ असतो. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ असेंच बोलावयाचें. अशुभाचा उच्चार टाळण्याच्या त्याच रीतींतील हा एक संकेत, असें समजून मोठीं माणसें पुढें जातात.

लहान मूल मात्र शब्द जसाच्या तसा घेतें. तीन वर्षांची मुलगी विचारते, ‘आई, तूं तर जातेस, मग येतें कां म्हणतेस?’ प्रश्न अगदीं रास्त आहे. जाणारानें परत येण्याचें वचन मागें ठेवून जावें, हा त्या शब्दाचा भाव तिला सोप्या बोलण्यांत सांगितला पाहिजे. हा भाव एकट्या मराठीचा नव्हे. तमिळ मनुष्य निघतांना ‘जाऊन येतों’ याच अर्थाचें वाक्य बोलतो. बंगाली गृहस्थ नुसतें ‘आशि’, म्हणजे ‘येतों’, म्हणतो. जपानांत शाळेला निघालेलें मूल ‘इत्ते किमासु’, म्हणजे ‘जाऊन येतों’, असें म्हणून घराबाहेर पडतें. आपल्याकडे तर गणपतीला पोंचवावयास गेलेलीं पोरें देवालाही पुढल्या वर्षीं लवकर येण्याचें बजावतात!

शिष्टाचाराचा धडा येथूनच सुरू होतो, आणि येथेंच तो बहुधा बिघडतो. साधारण ९ ते १२ महिन्यांचें मूल हात हालवून ‘टाटा’ करूं लागतें. घरांत कौतुक होतें, पाहुण्यांसमोर तो प्रयोग दहा वेळां करविला जातो. परंतु त्याच सुमारास, आणि पुढें दीड वर्षाच्या वयापर्यंत, आई दृष्टीआड झाली कीं मुलाच्या जिवाची विलक्षण तगमग होते. आई दिसत नसली तरी ती कोठें तरी आहे, इतपत त्याला उमगूं लागलेलें असतें. ती परत येईलच, ही खात्री अद्याप बसलेली नसते. अशा वेळीं आजी मुलाला खिडकींतला काऊ दाखविते आणि आई मागील दारानें निसटते. रडें टळतें खरें. पण काऊ पाहून वळलेल्या मुलाला आई नाहींशी झालेली आढळते, आणि दुसऱ्या दिवसापासून तें तिचा पदर क्षणभरही सोडीत नाहीं. ज्याला निरोप कधीं दिलाच नाहीं, त्यानें इतरांना हंसतमुखानें निरोप द्यावा, ही अपेक्षा चमत्कारिकच म्हणावी लागेल.

निरोप समोरासमोर द्यावा, थोडक्यांत द्यावा, आणि परत येण्याची खूण मुलाला कळेल अशी सांगावी. ‘सहा वाजतां’ हे शब्द त्याच्या उपयोगाचे नाहींत. ‘दिवेलागणीला’ किंवा ‘तुझें दूध पिऊन झालें कीं’ हे आहेत. थोडें रडें आलें तर येऊं द्यावें. पाहुणे निघाले असतां लाजाळू मुलाला पुढें ढकलून ‘पायां पड, टाटा कर’ असा तगादा लावूं नये. तें दारापर्यंत आलें, एवढें आरंभीं पुरें. वडील माणसें ‘येऊं कां?’ म्हणून यजमानाची अनुज्ञा घेतात आणि यजमान ‘जा’ न म्हणतां ‘या’ म्हणतो, हें रोज कानावर पडून मूल आपोआप उचलतें. ‘टाटा’, ‘बाय’ या शब्दांवर रागावण्याचेंही कारण नाहीं. त्यांत परत येण्याचें आश्वासन नाहीं, इतकेंच.

या आश्वासनाचें मोल शहापूर तालुक्यांतील शेणव्याच्या परिसरांत शहरापेक्षां अधिक स्पष्ट दिसतें. आसनगांवला लोकल धरून कल्याण-ठाण्याकडे कामाला जाणारा बाप पहाटे निघतो तेव्हां मूल झोपेंत असतें. त्याचा ‘येतों’ दिवसाभराचा. पण शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतून अनेक कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. कांहीं मुलें आईबापांबरोबर जातात. कांहीं आजीजवळ किंवा आश्रमशाळेंत राहतात. त्या मुलांच्या बाबतींत हाच लहानसा शब्द सहा-सात महिने टिकावा लागतो. तेथें घड्याळाची खूण चालत नाहीं; सणाची आणि ऋतूची चालते. ‘होळीला येतों’ असें सांगून बाप खरोखरच होळीला आला, तर त्या मुलाला निरोपाचा शिष्टाचार निराळा शिकवावा लागत नाहीं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. (बोर्डी तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें, २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे.) वस्तींतील मुलें बालवाडीपर्यंत येत नाहींत असें दिसल्यावर त्यांनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हें नांव त्यांतूनच आलें, आणि १९७५ नंतर सरकारी योजनेमुळें तें गांवोगांव पोंचलें. लहान मुलाच्या दृष्टीनें त्या व्यवस्थेंत मोठी सोय होती: शाळेंत बसूनही त्याला घराचें दार दिसत असे. आश्रमशाळेंत नव्यानें आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला तें दार दिसत नाहीं. म्हणून तेथें पोंचवावयास आलेल्या बापानें, मूल खेळांत रमलें असें पाहून मागच्या मागें निघून जाऊं नये. त्याला हांक मारावी, पुन्हां कोणत्या सणाला येणार तें सांगावें, आणि मुलाच्या तोंडून ‘या’ ऐकल्यावरच वाट धरावी.