विमानाला डबल बेल कोण देतो?

रत्नागिरीच्या एस.टी. स्थानकात गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरतो, गाडीच्या मागे उभा राहतो आणि शिट्टी वाजवत राहतो. ड्रायव्हरला मागचे नीट दिसत नाही, म्हणून तो त्या शिट्टीवर गाडी हलवतो. शिट्टी थांबली की गाडी थांबते. हे मुलांनी शेकडो वेळा पाहिलेले असते. त्याच शहराजवळच्या जांभ्याच्या सड्यावर तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. डोक्यावरून विमान गेले की वर्ग खिडकीशी धावतो. विमान उडते कसे हे आपण शिकवतो. पण उतरल्यावर ते हलवतात कसे आणि उभे कसे ठेवतात, हा प्रश्न सहसा निघत नाही. यंत्रशास्त्राचा निम्मा धडा मात्र तिथेच आहे.

विमानाच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळत नाही. इंजिन हवा मागे फेकते, म्हणून विमान पुढे जाते. इमारतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या विमानाला मागे आणायचे तर ट्रॅक्टर हवा. पुढच्या चाकाला एक लोखंडी दांडा जोडतात आणि ट्रॅक्टर त्या दांड्याने विमान ढकलतो. दोर का नाही? वर्गात करून पाहा. चाके लावलेल्या फळीवर दोन विटा ठेवून ती सुतळीने ओढा आणि एकदम थांबा. फळी टाचेवर येऊन आदळेल. काठीने ओढली तर तीच काठी फळीला थोपवून धरते.

पण थोपवणार कोण? हा ट्रॅक्टर मुद्दाम जड केलेला असतो, कारण त्याची पकड त्याच्या वजनावर अवलंबून असते. एक हिशेब करू. विमान ६० टनांचे आहे आणि ताशी ५ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने, सरकते आहे. ते ३ मीटरमध्ये थांबवायला सुमारे २ टन वजनाइतका जोर लागतो. वेग ताशी १० किलोमीटर केला, तर गतिज ऊर्जा चौपट होते आणि जोर ८ टनांवर जातो. ट्रॅक्टर १२ टनांचा आणि ओल्या काँक्रीटवरचा घर्षणांक ०.४ धरला, तर त्याची पकड जेमतेम ४.८ टनांची. म्हणजे विमानच ट्रॅक्टरला ढकलत नेणार! ‘सावकाश’ ही सूचना अशी आकड्यांतून आलेली आहे. म्हणूनच ओढताना विमानाच्या ब्रेकवरही एक जाणता माणूस बसलेला असतो, आणि ब्रेकमध्ये पुरेसा दाब आहे की नाही हे तो निघण्याआधीच पाहतो.

त्या दांड्यात एक खीळ मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. वेडावाकडा जोर आला की ती तुटते आणि विमानाचा पुढचा पाय वाचतो. घरातल्या फ्यूजचेच हे भावंड. मात्र खीळ तुटली की विमान मोकळे झाले, आणि मोकळे विमान हीच सर्वांत वाईट अवस्था. म्हणून क्रम ठरलेला असतो: दांडा आधी जोडायचा, चाकांचे ठोकळे मग काढायचे, सोडताना आधी ब्रेक किंवा ठोकळे, मग दांडा. विमान एका क्षणासाठीही कोणाच्या ताब्याबाहेर राहता कामा नये.

वळताना पंखांची टोके कुठे जातात, हे वैमानिकाच्या जागेवरून नीट दिसत नाही. सायकलच्या कॅरियरला वासा आडवा बांधून अंगणात वळून पाहा, म्हणजे कुंडी का फुटते ते कळेल. म्हणून दाटीच्या जागी पंखांच्या टोकांपाशी माणसे चालतात.

आता पुन्हा कंडक्टरकडे. विमान ढकलून झाले, इंजिने सुरू झाली, की जमिनीवरचा तंत्रज्ञ दांडा सोडवून घेतो, बाजूला जातो आणि वैमानिकाला दिसेल असा हात वर करतो. पुढच्या चाकाचे सुकाणू ढकलताना बंद ठेवणारी, लाल फीत बांधलेली पिन तो हातात धरून दाखवतो. ही विमानाची डबल बेल.

१६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एअर इंडियाचे हैदराबादला निघालेले एअरबस ए-३१९ विमान खुणेबाबतच्या गैरसमजातून वेळेआधीच पुढे सरकले. तंत्रज्ञ अजून पुढच्या चाकाजवळच उभा होता. कानांवर हेडफोन, पाठ इंजिनाकडे. इंजिनाने त्याला आत ओढून घेतले. अशी इंजिने मंद चालत असतानाही तोंडापासून तीन-एक मीटरचा भाग धोक्याचा असतो, आणि जोर वाढवला की तो वाढतो. आम्हांला यातली विषण्ण करणारी गोष्ट ही वाटते, की सगळी यंत्रे आपापले काम करत होती. फक्त घंटी न होता गाडी सुटली.

उभ्या विमानालाही धोका असतो, आणि कोकणात तो वाऱ्याचा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वारा ताशी १०० ते १२० किलोमीटर होता आणि दापोली-मंडणगडकडे त्याने मोठी हानी केली. विमान हवेतून धावते आहे की हवा विमानावरून धावते आहे, हे पंखाला कळत नाही. तटरक्षक दल वापरते ते डॉर्निअर २२८ घ्या. पंखांचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर. ताशी १२० किलोमीटरच्या झोतात, उचल-गुणांक ०.५ धरला, तर उचल येते सुमारे १.१ टन. रिकाम्या विमानाचे वजनच चार टनांच्या आत! शिवाय शेपूट वातकुक्कुटासारखे काम करते आणि विमान फिरवू पाहते. म्हणून उघड्यावरचे विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून ठेवतात, ठोकळे लावतात आणि जमिनीत रोवलेल्या कड्यांना बांधतात. शक्य असेल तर वादळाआधी दुसरीकडेच नेतात, हे सर्वांत शहाणपणाचे.

बांधण्यातही मेख आहे. होड्या शाकारणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही: तागा-अंबाडीचा दोर भिजला की आखडतो. ताठ बांधलेला असा दोर पावसात विमानाचा सांगाडाच ताणू शकतो. फार सैल ठेवला तर प्रत्येक झोताला हिसका बसतो. म्हणून नायलॉनचा दोर बरा, आणि नैसर्गिक धाग्याचाच असेल तर किंचित ढील ठेवून. दोन मीटर सुतळीला हलके वजन टांगून भिंतीवर खूण करा आणि सुतळी भिजवा. खुणेपासून वजन किती वर चढते, ते पहिल्या पावसाच्या दिवशी मुलांना मोजू द्या.