नवी गाडी, जुने इंजिन

कॉन्टेसा ही मोटार तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिली असेल. आई-बाबांना विचारा, ते लगेच सांगतील. लांबलचक बॉनेट, ऐसपैस मागची सीट, आणि कारखानदार किंवा मोठा साहेब आत बसलेला! १९८४ च्या सुमारास हिंदुस्तान मोटर्सने ती बाजारात आणली आणि २००२ साली तिचे उत्पादन थांबले. पण बॉनेट उघडले की आत काय दिसे? चक्क अँबॅसडरचे इंजिन. नव्या गाडीत जुने इंजिन बसवले तर काय होते, हे समजून घ्यायला आपल्या देशात याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. शिवाय या गोष्टीचा एक धागा आपल्या इंदूरपर्यंत येतो.

आधी वंशावळ पाहू. कॉन्टेसाचा सांगाडा मूळचा इंग्लंडचा. तेथे व्हॉक्सहॉल कंपनीने १९७२ मध्ये व्हिक्टर नावाच्या गाडीचा नवा नमुना काढला होता. पुढे त्या गाडीचे दिवस संपले, आणि तिचा पत्रा दाबण्याचे साचे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथील हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात आले. इंग्लंडमध्ये या गाडीत १,७५९ किंवा २,२७९ घनसेंटिमीटरचे इंजिन असे. आपल्याकडे त्या जागी १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन बसले. हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले. या मालिकेची सुरुवात १९४० च्या दशकातली, आणि अँबॅसडरमध्ये ते १९५९ पासून बसत होते. म्हणजे शरीर सत्तरच्या दशकातले आणि हृदय त्याच्या आधीच्या पिढीचे.

असे का केले? कंजूषपणा, असे उत्तर पुष्कळ जण देतात. मला ते अर्धेच खरे वाटते. पत्र्याचे साचे विकत मिळतात, जहाजात घालून आणता येतात. इंजिनाचे तसे नाही. त्यासाठी ओतकामाची भट्टी लागते, सिलिंडर बोअर करणारी यंत्रे लागतात, क्रँकशाफ्ट घासून केसाइतक्या अचूक मापात आणणारे कारागीर लागतात. त्या काळात परदेशी यंत्रे किंवा तंत्रज्ञान आणायचे तर सरकारी परवान्यावाचून पान हलत नसे. उत्तरपाड्याला अँबॅसडरच्या इंजिनाची सगळी व्यवस्था तयार होती. शिवाय या इंजिनाचा एक मोठा गुण होता. आग्रा-मुंबई रस्त्यावर गाडी कुठेही बंद पडली, तरी गावच्या मिस्त्रीला ते पाठ असे आणि सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत.

दोष कुठे होता ते पाहण्यासाठी इंजिनाच्या आत डोकावू. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घ्यायला आणि जळालेला धूर बाहेर टाकायला झडपा असतात. त्या उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. 'बी' मालिकेच्या इंजिनात हा कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकच्या बाजूला असतो. तेथून लांब दांड्या वर जातात, त्या वरच्या रॉकरला ढकलतात आणि रॉकर झडप दाबतो. दांडी, रॉकर, स्प्रिंग असे इतके भाग प्रत्येक फेरीला मागे-पुढे हलायचे म्हटल्यावर इंजिन फार वेगाने फिरवता येत नाही. व्हिक्टरच्या मूळ इंजिनात कॅमशाफ्ट झडपांच्या डोक्यावरच होता, मधली फौज नव्हती. अँबॅसडरच्या इंजिनाची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती, आणि तीही इंजिन मिनिटाला चार हजारांच्या वर फेरे घेऊ लागले तरच पूर्ण मिळायची.

पन्नास अश्वशक्ती म्हणजे किती, हे नववीत शिकलेल्या कार्य आणि शक्तीच्या सूत्रांनी काढून पाहू. समजा गाडी १,२०० किलोची आहे, आत पाच माणसे आणि सामान मिळून ३५० किलो, म्हणजे एकूण १,५५० किलो. ही मंडळी ओंकारेश्वरला निघाली आहेत, आणि वाटेतल्या भेरूघाटासारख्या घाटात पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढते असे धरा. गुरुत्वाकर्षण गाडीला मागे खेचते ते बल १,५५० गुणिले ९.८ भागिले १५, म्हणजे सुमारे १,०१० न्यूटन. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दोहोंचा गुणाकार साधारण १७ किलोवॅट, म्हणजे २३ अश्वशक्ती. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांसाठी आणखी आठेक धरा. झाली ३१. ही चाकापाशी लागणारी शक्ती. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये काही वाया जाते, म्हणून इंजिनाला ३६ च्या आसपास द्यावी लागते. त्यात वातानुकूलन लावले की आणखी चार-पाच गेली. म्हणजे पन्नासातली चाळीस घाट चढण्यातच संपली. आता पुढचा ट्रक ओलांडायचा आहे! कॉन्टेसा दिसायला राजेशाही आणि चढावर मात्र बैलगाडी, अशी थट्टा लोक करत, त्यामागचे गणित हे. सपाट रस्त्यावर त्याच वेगाला चाकापाशी आठ-नऊ अश्वशक्ती पुरते, म्हणून शहरात उणीव फारशी जाणवत नसे.

यावर उपाय म्हणून गिअरचे प्रमाण बदलता येते. डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियन अशी दोन दातेरी चाके असतात. त्यांच्या दात्यांचे प्रमाण बदलले की चाकाच्या एका फेरीला इंजिनाचे जास्त फेरे होतात आणि खेचण्याची ताकद वाढते. पण मग सरळ रस्त्यावर इंजिन उगाच किंचाळत राहते आणि पेट्रोलही जास्त पिते. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने द्यावेच लागते.

तरीही कारखान्याने केलेली ही अदलाबदल होती, हे विसरू नका. इंजिन ज्यावर टेकते ती रबरी फाउंडेशने कुठे यावीत, क्लच आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला कसे जुळावेत, मागे जाणारा शाफ्ट किती लांब हवा, रेडिएटर केवढा हवा, पुढच्या स्प्रिंगवर किती वजन येईल, या सगळ्याची नव्याने मापे घ्यावी लागतात. गाडी एक-दोन वेळा चालू होऊन दाखवली म्हणजे काम झाले असे नसते. चुकीच्या कोनात बसवलेला शाफ्ट दहा हजार किलोमीटरनंतर आपले म्हणणे मांडतो.

कॉन्टेसाची ही अडचण पुढे काही वर्षांनी दूर झाली. जपानच्या इसुझू कंपनीच्या सहकार्याने १,८१७ घनसेंटिमीटरचे, डोक्यावर कॅमशाफ्ट असलेले इंजिन आणि पाच गिअरची पेटी तिच्यात आली. हे इंजिन आणि गिअरबॉक्स बनवण्यासाठी हिंदुस्तान मोटर्सने कारखाना उभारला तो आपल्या इंदूरजवळ, पीथमपूरला. ताकद ५० वरून ८५ च्या आसपास गेली. वरचाच हिशेब पुन्हा करून पाहा, घाटात किती शिल्लक उरते ते तुमचे तुम्हालाच कळेल. पुढे १९९० च्या दशकात हेच इसुझू इंजिन अँबॅसडरमध्येही बसले. म्हणजे आधी जुने इंजिन नव्या शरीरात गेले आणि मग नवे इंजिन जुन्या शरीरात! २०१४ मध्ये अँबॅसडरचे उत्पादनही थांबले. पीथमपूरचा तो कारखाना २००५ पासून ॲवटेक या नावाने ओळखला जातो.

आता आजच्या गाड्यांकडे येऊ, कारण पालकांपैकी काहींनी विचारलेला प्रश्न याच संदर्भातला आहे. गाडीचे इंजिन जाम झाले, नव्याचा खर्च पाऊण-एक लाख सांगितला, आणि कोणी ओळखीचा मिस्त्री म्हणतो, "साहेब, जुन्या मॉडेलचे कार्बोरेटरवाले इंजिन टाकून देतो. निम्म्या खर्चात काम, आणि सेन्सरची कटकटच नाही." ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात हा सौदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉन्टेसाच्या काळी इंजिन आणि बाकीची गाडी यांच्यात मोजक्या तारा असत. आजच्या गाडीत एक छोटा संगणक इंजिनाच्या सेन्सरकडून क्षणाक्षणाला माहिती घेत असतो. क्रँक कोणत्या स्थितीत आहे, आत हवा किती येते, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे त्याला कळते, आणि त्यावरून तो पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. कित्येक गाड्यांत पॉवर स्टीअरिंग, ब्रेकमधील एबीएस, मीटरवरचे काटे आणि चोरीपासून बचाव करणारी किल्ली हे सगळे त्याच जाळ्यात गुंफलेले असतात. तेथे सेन्सर नसलेले जुने इंजिन बसवले की हा संगणक आंधळा होतो. मीटरवर पिवळा दिवा कायमचा लागतो, तो तर किरकोळ त्रास. खरी काळजी ब्रेक आणि स्टीअरिंगची आहे. धुराचीही गोष्ट तशीच. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाची प्रदूषण-मर्यादा लागू झाली. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमधले धूर शुद्ध करणारे उपकरण इंजिनाचे मिश्रण अगदी अचूक असेल तरच नीट चालते. कार्बोरेटरला ती अचूकता साधत नाही.

शिवाय कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने मुळात दिलेल्या आणि नोंदणी-पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. मंजूर संच बसवून सीएनजीसारख्या इंधनावर गाडी चालवण्याची सोय ठरावीक अटींवर दिलेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. दंड एकवेळ भरता येईल. पण अपघात झाला आणि इंजिनाचा नंबर पुस्तकाशी जुळला नाही, तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी कोणते प्रश्न विचारील ते पालकांना सांगायला नको.

मग करायचे काय? बहुतेक वेळा सगळे इंजिन बदलण्याची गरजच नसते. क्रँक आणि ब्लॉक शाबूत असतील तर 'हाफ इंजिन' काम पुरते. त्यात हेड उघडून रिंगा, बेअरिंग, झडपा आणि गॅस्केट बदलतात. तेही शक्य नसेल तर त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे आणि त्याच इंधनाचे इंजिन, पक्क्या बिलासह घ्यावे. बसवण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून परवानगी घ्यावी आणि नवा नंबर नोंदणी-पुस्तकात चढवून घ्यावा. भंगार बाजारातून आणलेले, बिलाशिवायचे इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर चौकशीला पोलीस तुमच्याच दारी येतील.

जुनी गाडी विकत घेतानाही हेच पाहावे. नोंदणी-पुस्तक हातात घेऊन बॉनेट उघडा. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर अंक-अंक जुळवा. अक्षरे एका ओळीत आणि एकाच खोलीची हवीत, आणि आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा नसाव्यात. नंबर तेलाच्या थराखाली दडलेला असेल तर रॉकेलचा बोळा फिरवून पुसायला सांगा. विकणारा त्यालाच नाही म्हणू लागला तर दुसरी गाडी पाहावी.