मिशांना घाबरू नका, काट्याला घाबरा

डॅलसहून पूर्वेला मोटारीने दीडेक तासावर लेक फोर्क आहे. नावात तळं असलं तरी हे धरणाचं पाणी, १९८० साली अडवलेलं. पाण्यातून वर आलेली वाळकी झाडं पाहून नवखा म्हणतो, ‘एवढी जागा साफ नाही केली?’ ती झाडं मुद्दाम ठेवली आहेत. बुंध्यांच्या आडोशाला छोटे मासे राहतात आणि त्यांच्या मागावर बास हा शिकारी मासा येतो.

मोठ्या बासला मोठंच आमिष लागतं, हा तिथला लाडका समज. टेक्ससचा विक्रमी लार्जमाउथ बास याच पाण्यात जानेवारी १९९२ मध्ये सापडला. वजन १८.१८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो. पकडणारा बाससाठी आलाच नव्हता. तो क्रॉपी जातीचे मासे धरायला बसला होता आणि गळाला बारीकसा जिवंत मासा लावला होता. एका माशावरून नियम काढू नये हे खरं, पण थंड पाण्यात सुस्तावलेला बास पाठलाग टाळतो आणि तोंडाशी आलेला घास घेतो. धिप्पाड बासला सगळे ‘दादा’ म्हणतात, तेही चूक. एवढी वाढ मादीची असते. नर लहानखुरा, आणि घरटं राखायचं काम त्याच्याकडे!

मासा सोडून दिला की वाचला, हा समज मात्र महागात पडतो. बासच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. फोर्कवर १६ ते २४ इंचांचा बास परत सोडावाच लागतो, कारण वाढीची आणि विणीची मदार त्याच मापावर आहे. पण क्रॉपीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीत नियम बरोबर उलटा: गळाला लागेल तो क्रॉपी, कितीही लहान असो, ठेवायचाच, आणि दिवसाला पंचवीसच्या मर्यादेत मोजायचा. थंडीत क्रॉपी खोल जातो. झरकन वर ओढला की दाब उतरतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून डोकावतं. असा मासा सोडला तर खाली जाऊ शकत नाही. पाण्यावर आडवा तरंगत राहतो आणि बगळ्याचं फावतं. सोडणाऱ्याला तेवढं पुण्य लागल्याचं समाधान.

राहिला कॅटफिश. मिशा डंख मारतात म्हणून लोक हात आखडतात. मिशा मऊ असतात, त्यांचं काम चव आणि स्पर्श. चव तर याला अंगभर कळते. कातडीवरही रुचिकलिका असतात. टोचतो तो पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांचा ताठ काटा. शिंगाळा हाताळलेल्याला हे सांगायला नको. सडकं आमिषच हवं, हेही सगळ्या कॅटफिशना लागू नाही. चॅनल कॅटफिश वासावर येतो, पण फ्लॅटहेडला वळवळता मासाच हवा. गळ सोडवताना पोटाखालून तळवा घाला, बाजूचे काटे बोटांच्या पुढे राहू द्या, आणि तो शांत होईपर्यंत घाई करू नका.