मराठी फौजेचा बंगाली इतिहासकार

नागपूरकर भोसल्यांसह समस्त मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेचा साक्षेपी अभ्यास कलकत्ता विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या सुरेंद्रनाथ सेन या बंगाली पंडिताने मराठी बखरी व कागदपत्रे धुंडाळून केला आणि तो १९२८ साली ग्रंथरूपाने सिद्ध केला. शिपायास रोख वेतन देऊन मुलूखगिरीतील लूट सरकारजमा करविणारी शिवकालीन शिस्त पुढे सरंजामी पद्धतीमुळे कशी ढिली पडत गेली, हे त्यांनी त्यात सप्रमाण उलगडले. १९३९पासून हिंदुस्थान सरकारच्या दफ्तरखान्याची धुरा वाहून, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या सेनांकडेच सरकारने १८५७च्या उठावाचा इतिहास सोपविला. शताब्दीच्या वर्षी, १९५७ साली, तो प्रसिद्ध झाला.