प्लेऑफमधील सांघिक कामगिरी व खेळाडूंचा कौशल्यविकास

प्रस्तावना : अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत नियमित हंगामानंतर सोळा संघांत प्लेऑफ सामने होतात. २००३ पासून प्रत्येक फेरी कमाल सात सामन्यांची असून चार विजय मिळविणारा संघ पुढे जातो. एकाच प्रतिस्पर्ध्याशी वारंवार गाठ पडत असल्याने खेळाडूतील उणिवा झाकल्या जात नाहीत. प्रतिस्पर्धी नेमक्या त्यांवरच आपली व्यूहरचना बेततो.

विवेचन : या संदर्भात सॅन अँटोनिओ स्पर्स संघाचे उदाहरण अभ्यासनीय आहे. २०११ च्या निवडप्रक्रियेत पंधराव्या क्रमांकावर निवडला गेलेला कवाय लेनर्ड बचावात निपुण, पण दूरच्या नेमात कच्चा होता. महाविद्यालयातील अखेरच्या हंगामात तीन गुणांच्या फेकींत त्याचे यश सुमारे २९ टक्के होते. स्पर्सचे प्रशिक्षक चिप एंगेलँड यांनी त्याची चेंडू सोडण्याची पद्धत सुधारली. व्यावसायिक खेळात तीन गुणांची रेषा अधिक दूर असूनही पहिल्याच हंगामात हे प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांवर गेले.

२०१३ च्या अंतिम फेरीत मायामीविरुद्ध सहाव्या सामन्यात विजय अवघ्या काही सेकंदांवर असताना निसटला व स्पर्सने मालिका ३-४ अशी गमावली. २०१४ मध्ये त्याच मायामीला त्यांनी ४-१ असे नमविले. चेंडूच्या जलद देवाणघेवाणीमुळे संघाची नेमबाजी ५२.८ टक्के यशस्वी ठरली. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान लेनर्डला मिळाला.

निष्कर्ष : प्लेऑफमध्ये कसोटी लागते ती आधीच्या सरावात कमावलेल्या कौशल्याची. म्हणूनच निवडीच्या वेळचा क्रमांक हा खेळाडूच्या क्षमतेचा अंतिम निकष मानता येत नाही.