यंत्राच्या शब्दाला जामीन कोण? (लेखांक पाचवा)

बँकांनी चॅटबॉट का नेमले, याचा विचार मागील लेखांकात झाला. आता खातेदार त्यांच्याशी बोलावयास का राजी होतो, हे पाहावयाचे आहे. या विषयाचे अभ्यासक आजही फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ सालच्या प्रतिमानाकडे वळतात. नवे तंत्र उपयोगी पडेल आणि वापरावयास सुलभ जाईल, या दोन समजुतींवर त्याचा स्वीकार अवलंबून असतो, असे त्याचे सार आहे. पैशाच्या व्यवहारात मात्र विश्वास ही तिसरी गोष्ट आड येते, आणि माझ्या मते ती पहिल्या दोहोंहून प्रबळ ठरते.

एचडीएफसी बँकेची ‘ईव्हा’ २०१७ साली अवतरली. स्टेट बँकेची ‘सिया’ आणि कोटकची ‘केया’ याच सुमाराच्या. (ही नावे स्त्रियांचीच का, याचा खुलासा बँकांनीच करावा.) जोझेफ वायझेनबाउम यांच्या १९६६ सालच्या ‘एलायझा’ या संभाषण करणाऱ्या संगणक-प्रणालीपुढे माणसांनी मन मोकळे केले होते खरे, परंतु यंत्रापुढे मन मोकळे करणे निराळे आणि थैली मोकळी करणे निराळे. शाखेचा पत्ता, आयएफएससी कोड, ठेवीचा व्याजदर विचारताना मुळीच न कचरणारा खातेदार, खात्यातून अनोळखी रक्कम वजा झाली की हाडामांसाचा अधिकारी शोधू लागतो, तो केवळ भित्रेपणाने नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक व खातेदार दोघेही निर्दोष असता तिऱ्हाइताच्या लबाडीने रक्कम गेली आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत खातेदाराने वर्दी दिली, तर त्याला तोशीस लागत नाही. ही मुदत सरत असताना जे यंत्र तेच तीन पर्याय पुनःपुन्हा पुढे करते आणि तक्रारीचा क्रमांक देत नाही, त्याचा आर्जवी स्वर काय कामाचा? अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२३ च्या अहवालात नेमक्या याच चक्रव्यूहावर बोट ठेवले.

भाषेचा अडसर आहेच. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेली, बोलून पैसे धाडण्याची ‘हॅलो! यूपीआय’ ही सोय प्रथम हिंदी व इंग्रजीपुरतीच होती. मराठी खातेदाराला प्रतीक्षा करणे प्राप्त होते.

परंतु मूळ प्रश्न जबाबदारीचा आहे. एका विमानकंपनीच्या चॅटबॉटने, आप्ताच्या निधनानिमित्त मिळणारी भाडेसवलत प्रवासानंतरही मागता येते, असे एका उतारूस चुकीचे सांगितले. प्रकरण कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा चॅटबॉट हा आपल्या वर्तनास स्वतःच जबाबदार आहे, अशा अर्थाची कैफियत कंपनीने मांडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ती फेटाळून भरपाई देवविली. आपल्याकडील वित्तसंस्था चॅटबॉटच्या खाली बारीक अक्षरांत ज्या अटी छापतात, त्या याच कैफियतीचे सौम्य रूप आहेत काय, याची छाननी पुढील लेखांकात.