वयाचा रकाना आणि फाशीचा दोर

गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षे पूर्ण न झालेल्यास देहान्त शासन देऊ नये, असा दंडक संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात आहे. भारताने तो १९७९ मध्ये स्वीकारला. १९८९ च्या बालहक्क करारानेही त्याचा पुनरुच्चार केला. अमेरिकेत मात्र अशी फाशी घटनाबाह्य ठरण्यास २००५ साल उजाडावे लागले. तेही सर्वोच्च न्यायालयातील पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने.

तथापि अमेरिकेकडे बोट दाखविण्यापूर्वी पुण्याकडे पाहिलेले बरे. तेथे १९९४ साली पाच स्त्रिया व दोन मुले यांची निर्घृण हत्या झाली. एका आरोपीस सज्ञान मानून १९९८ मध्ये फाशी सुनावण्यात आली. सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. पुढे राजस्थानातील शाळेचा दाखला ग्राह्य ठरला आणि गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केले. अशा मुलास फाशी देण्यास १९८६ च्या बालन्याय कायद्यानेही मनाई होती. त्याची सुटका झाली. पण तोवर अठ्ठावीस वर्षे तुरुंगात सरली होती.

मृतांच्या आप्तांचे दुःख यामुळे उणे होत नाही. परंतु कराराचे पालन पोलीस ठाण्यातील वयाच्या रकान्यापासून सुरू होते. तो रकाना अंदाजाने भरला गेला, तर उदात्त करारही कागदावरच राहतो.